सातबारा आणि समुद्र



गेल्या पंधरवड्यात एका शेतकरी बंधूंचे पत्र आले. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही. पण मजकूर असा आहे की तो पुष्कळ घरांना लागू पडावा. ते लिहितात, "साडेचार एकर जमीन आहे. त्यातली दीड एकर विहिरीखालची. थोरला मुलगा बारावी झाला. तालुक्याला एक गृहस्थ येत असतात. ते म्हणतात, पाच लाख भरा, तीन महिन्यांत पोराला परदेशी जहाजावर चढवतो. पगार डॉलरात. दाखले, प्रमाणपत्रे सगळे आम्ही करून देऊ, शाळेत बसायची गरज नाही. मुलगा हट्टाला पेटला आहे. त्याची आई नको म्हणते. विहिरीखालची दीड एकर विकावी काय? आमच्या सात पिढ्यांत कोणी समुद्र पाहिलेला नाही. दोन शब्द सांगा."

दोन शब्द सांगायचे तर 'विकू नका' एवढेच. पण तेवढ्याने मुलाचे समाधान व्हायचे नाही, आणि मुलाचे काही अगदीच चूक आहे असेही नाही. समुद्रावरची नोकरी ही मानाची नोकरी आहे. आपल्या कोकणातल्या घराघरांतून माणसे पिढ्यान् पिढ्या जहाजावर गेली. त्यांच्या पैशावर गावाकडची घरे उभी राहिली. प्रश्न समुद्राचा नाहीच. प्रश्न आहे तो तिथे कसे जावे, काय शिकून जावे आणि मागे काय ठेवून जावे याचा.

म्हणून आज तुम्हाला फार लांबच्या एका देशाची हकिकत सांगतो. त्या देशाने आपली पोरे जहाजावर पाठवण्यासाठी शाळा काढली आणि त्या शाळेवर शेकडो घरे जगवली. त्यांचे चुकले कुठे आणि साधले कुठे, हे पाहिले की तुमच्या दीड एकराचा निकाल आपोआप लागेल.

नारळ, खाजणी अळू आणि खारे पाणी

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर, विषुववृत्ताच्या अल्याड-पल्याड बेटांचा एक देश आहे. नकाशात त्याचे नाव किरिबाटी असे दिसेल. पण तिथली माणसे त्याचा उच्चार 'किरिबास' असा करतात. त्यांच्या भाषेत 'टी' आणि 'आय' ही इंग्रजी अक्षरे एकत्र आली की 'स' वाजतो. मूळ इंग्रजी नाव 'गिल्बर्ट्स'. ते तिथल्या जिभेवर घोळता घोळता किरिबास झाले. इंग्रजांचे राज्य जाऊन १२ जुलै १९७९ रोजी हा देश स्वतंत्र झाला.

बेटे एकंदर तेहेतीस. सगळी मिळून जमीन आठशे अकरा चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका. माणसे २०२० च्या शिरगणतीप्रमाणे एक लाख वीस हजारांच्या आतबाहेर. पण ही बेटे इतकी विखुरलेली की त्यांच्या हक्काचा समुद्र पस्तीस लाख चौरस किलोमीटर भरतो. आपल्या सबंध भारताच्या जमिनीपेक्षाही जास्त. जमीन तालुक्याएवढी आणि पाणी देशाएवढे, असा हा संसार.

आणि जमीन तरी कसली? काळी नाही, तांबडी नाही, मुरमाड म्हणावी तर तीही नाही. पोवळ्यांचा चुरा होऊन बनलेली पांढरी वाळू. बहुतेक ठिकाणी समुद्रापासून दोन-तीन मीटर उंच. नदी नाही, ओढा नाही. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. विहीर थोडी जास्त उपसली की पाणी मचूळ झालेच. दुष्काळ पडला की तो थर आणखी पातळ होतो. आपल्याकडे बोअरवेल कोरडी पडते, त्यांच्याकडे खारी होते. दुःख तेच.

अशा जमिनीत ते काय पिकवतात? नारळ, फणसासारखे दिसणारे ब्रेडफ्रूट, केवड्याच्या जातीतले पांडानस, आणि 'बाबाई' नावाचे भले मोठे खाजणी अळू. बाबाईसाठी गोडे पाणी लागेपर्यंत खड्डा खणतात आणि त्यात कंद लावतात. त्याच्याभोवती पाल्याच्या विणलेल्या कड्यात पालापाचोळा भरून खत घालतात. एकेक कंद वर्षानुवर्षे वाढवतात. ज्याचा बाबाईचा खड्डा चांगला, तो खरा कर्ता पुरुष, असे तिथे मानतात. सकाळ-संध्याकाळ माणसे माडावर चढून पोय छाटतात आणि गोड रस उतरवतात. आपण त्याला नीरा म्हणू. चढल्यावर वरूनच गाणी म्हणतात. तो रस आटवून काकवी करतात. रोकड पैसा म्हणजे सुके खोबरे. तेही जहाज येईल तेव्हा विकायचे, आणि जहाज आठवड्यांमागून आठवडे येत नाही.

एक पैशाची खाण मात्र होती. बानाबा नावाच्या सहा चौरस किलोमीटरच्या बेटावर फॉस्फेटचा दगड निघे. आपण शेतात सुपर फॉस्फेट टाकतो ना, त्याच जातीच्या खताचा हा कच्चा माल. १९०० सालापासून परदेशी कंपनीने तो खणला आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर नेला. लोकांच्या जमिनी पिकाव्यात म्हणून बानाबाची जमीन खरवडली गेली. १९७९ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, खाण संपली. घर स्वतंत्र झाले आणि कणगी रिकामी झाली, असा योग.

पण शहाण्यांनी ही वेळ येणार हे आधीच ओळखले होते. खाण संपण्याच्या बारा वर्षे आधी त्यांनी एक शाळा काढलेली होती.

छपराखालचे आभाळ

त्या शाळेकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या लोकांना समुद्र कोणी शिकवायला नको होता. होकायंत्र माहीत नव्हते तेव्हापासून ते नावा घेऊन एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात आले. तारे पाहून, लाटांचा रोख अंगाने ओळखून आणि संध्याकाळी पक्षी कोणत्या दिशेला घरी परततात ते बघून ते वाट काढीत.

हे ज्ञान देण्याची त्यांची पद्धत मोठी सुंदर होती. गावाचे मोठे सभागृह असते, त्याला 'मानेआबा' म्हणतात. त्याच्या छपराला वासे आणि आडव्या पट्ट्या असतात. जाणता नाविक पोरांना छपराखाली बसवी आणि सांगे, हे छप्पर म्हणजे आभाळ. या वाशापासून त्या वाशापर्यंत अमुक तारा संध्याकाळी दिसेल, तमुक पहाटे दिसेल. रात्रीच्या आभाळाला त्यांचे नावच होते 'उमा नि बोराउ', म्हणजे सफरीचे छप्पर. आर्थर ग्रिंबल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हे सारे लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते कळते. हे शिक्षण वर्षानुवर्षे चाले. कोणी पैसे घेऊन 'नाविक' असा दाखला देत नसे. दाखला समुद्र देई. पोरगा परत आला तर पास.

वाचकहो, हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

बेटिओची शाळा

देशाची राजधानी तारावा. त्यातल्या एका टोकाच्या बेटाचे नाव बेटिओ. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, अमेरिका आणि जपान यांची इथे तीन दिवस घनघोर लढाई झाली. हजारो माणसे मेली आणि बेट उजाड झाले. त्याच बेटिओवर १९६७ साली मरीन ट्रेनिंग सेंटर, म्हणजे जहाजी कामाची शाळा, सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, ज्यांचे बापजादे ताऱ्यांवरून वाट काढीत, त्यांना शाळा कशाला? अहो, जो पोरगा बैलजोडी उत्तम हाकतो त्याला आपण एकदम ट्रॅक्टरवर बसवतो का? नाव म्हणजे नाव आणि मालवाहू जहाज म्हणजे जहाज. नाव लाकडाची, जहाज लोखंडाचे. नावेत वारा, जहाजात इंजिन. नावेत भाऊ-भाऊ, जहाजात पाच देशांची माणसे आणि पाच भाषा. बेटावर दिवस भरती-ओहोटीने चालतो, जहाजावर घड्याळाने.

म्हणून शाळेत शिकवायचे ते हेच. दोरांच्या गाठी, लोखंडावरचा गंज खरवडून रंग देणे, सुकाणू धरणे, रात्रीची टेहळणी. इंजिन-खोलीत जाणाऱ्यांना यंत्रांची देखभाल, तेलपाणी, हत्यारे. काहींना स्वयंपाक आणि वाढणे, कारण तीस-चाळीस दिवस जमीन दिसत नाही तेव्हा जहाजाची अर्धी शांतता स्वयंपाकघरावर टिकते. सर्वांना इंग्रजी, कारण कप्तानाची आज्ञा एकदाच येते, आणि ती कळली नाही तर माणूस जातो.

आणि सर्वांत मोठा धडा म्हणजे जीव वाचवण्याचा. बेटावरच्या पोराला पोहणे आईच्या दुधाबरोबर मिळते. पण आगीशी झुंजणे मिळत नाही. भर समुद्रात जहाजाला आग लागली तर चहूकडे पाणी असूनही पळायला जागा नसते. म्हणून धुराने भरलेल्या खोलीत तोंडावर मुखवटा लावून चाचपडत जायचे आणि आतला 'जखमी' बाहेर आणायचा. उलटा झालेला रबरी तराफा पाण्यात पोहत पोहत सुलटा करायचा. जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून उडी मारायची. रक्त थांबवायचे, मोडलेले हाड बांधायचे. हे वाचून येत नाही. हातांनी, अंगाने, पुन्हा पुन्हा करूनच येते.

पोरे शाळेतच राहत. वर्ष-दीड वर्ष शिक्षण चाले आणि शिस्त कडक असे. पहाटे उठणे, कपडे स्वच्छ, खोली स्वच्छ, दारूला हात नाही. दूरदूरच्या बेटांवरून पोरे येत, आणि निवड झाली की सबंध गाव आनंद करी.

खर्चाचा भार कोणी उचलला, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. सरकारने उचलला, न्यूझीलंडसारख्या शेजाऱ्याने मदत केली, आणि ज्यांना माणसे हवी होती त्या जर्मन जहाज कंपन्यांनी शाळेशी नाते जोडले. हँबुर्गच्या बाजूच्या कंपन्यांना चांगले, शिकलेले, भांडण न करणारे खलाशी हवे होते. बेटांना रोजगार हवा होता. शिकवणारा आणि नोकरी देणारा यांच्यामध्ये पैसे खाणारा तिसरा माणूस नव्हता. कंपनीला ठाऊक असे, पोरगा कच्चा निघाला तर तो आपल्याच जहाजावर कच्चा निघणार. त्यामुळे शाळा पक्की राहिली. ऐन भरात असताना किरिबासचे हजाराहून अधिक खलाशी एका वेळी जगभरच्या जहाजांवर होते. एक लाखाच्या देशातून हजार, म्हणजे केवढा वाटा तो पाहा.

शेजारचा तुवालू देश तर आणखी लहान. सव्वीस चौरस किलोमीटर जमीन आणि दहा-अकरा हजार माणसे. त्यांनीही १९७९ साली फुनाफुटीजवळच्या अमाटुकू नावाच्या इवल्याशा बेटावर अशीच शाळा काढली. ज्याला जमीन नाही त्याने पोरांच्या हातांतच शेत पेरले म्हणायचे.

घरी काय आले आणि घरून काय गेले

खलाशाचा पगार त्याच्या हातात सगळा पडत नाही. जहाजावर चढतानाच तो सांगून ठेवतो, इतका भाग दर महिन्याला घरी जाऊ दे. तो भाग थेट बायकोच्या किंवा आईच्या नावाने जमा होतो. त्या पैशावर किरिबासमध्ये पोरांच्या शाळेची फी भरली गेली, पत्र्याची घरे झाली, होड्यांना इंजिने लागली, चर्चला देणगी गेली.

पण तिथे एक रीत आहे. तिला 'बुबुती' म्हणतात. नात्यातल्या माणसाने येऊन एखादी वस्तू मागितली, तर नाही म्हणायचे नाही. नाही म्हणणे ही मोठी लाजेची गोष्ट. आपल्याकडच्या भाऊबंदकीला आणि पाहुण्यारावळ्यांना सरावलेल्या वाचकांना हे काही वेगळे सांगायला नको. खलाशी घरी आला की पहिल्याच आठवड्यात त्याचे घड्याळ एका मेहुण्याकडे, रेडिओ दुसऱ्याकडे आणि रोख रक्कम चुलत्याकडे गेली, असे होई. चांगली बाजू अशी की एका माणसाच्या पगारावर दहा घरे तगत. वाईट बाजू अशी की त्याच्या स्वतःच्या घरात साठत काही नसे.

आणि घरून काय गेले? नवरा गेला, बाप गेला. नऊ-दहा महिने, कधी वर्षभर. बाबाईचा खड्डा बायकोने सांभाळायचा, म्हाताऱ्यांना तिनेच बघायचे, आजारी मूल तिनेच दवाखान्यात न्यायचे. मूल जन्मले तेव्हा बाप ब्राझीलच्या बंदरात आणि मूल चालायला लागले तेव्हा बाप जपानात. खलाशाच्या नोकरीची ही किंमत पगारपत्रकात कोठेच लिहिलेली नसते. पत्र लिहिणाऱ्या बंधूंना सांगतो, मुलाची आई 'नको' म्हणते ते केवळ भीतीने नव्हे. तिला ही किंमत न सांगता कळलेली आहे. तिचे म्हणणे पुरते ऐका.

नियम लंडनला, परिणाम बेटावर

आता थोडे कायद्याचे. जगातले जहाजांचे नियम लंडनमधली आंतरराष्ट्रीय सागरी संघटना ठरवते. खलाशांच्या शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ साली झाला आणि १९८४ साली अमलात आला. १९९५ मध्ये तो अधिक कडक झाला आणि २०१० मध्ये मनिला शहरात पुन्हा सुधारला. आगीचे आणि जीव वाचवण्याचे शिक्षण एकदा घेऊन भागत नाही. दर पाच वर्षांनी आपण अजून तयार आहोत हे दाखवावे लागते. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असाही नियम आहे.

मुख्य म्हणजे, जे देश हे शिक्षण नियमाप्रमाणे देतात त्यांची यादी २००० सालापासून निघू लागली. यादीत नाव नसेल तर त्या देशाच्या दाखल्याला बाहेर विचारणार कोण? मोठ्या देशाला ही गोष्ट फार जड नाही. पण लहान बेटाला नवे नियम म्हणजे नवी यंत्रे, नवे शिक्षक, नवी तपासणी. शाळा पडली तर हजार घरांची चूल विझली. म्हणून तिथे शाळेची कसोटी ही नुसती मास्तरांची काळजी नसते, सबंध देशाची असते.

वाचकहो, आता त्या तालुक्याच्या गृहस्थांचे बोल आठवा. "प्रमाणपत्रे आम्ही करून देऊ, शाळेत बसायची गरज नाही." ज्या दाखल्यासाठी एक सबंध देश जिवाचा आटापिटा करतो, तो दाखला हे गृहस्थ घरपोच देणार! दाखला खोटा निघाला तर बंदरातच पोरगा पकडला जाईल. आणि खरोखरच जहाजावर चढला, तर त्याहून वाईट. ज्या रात्री धूर भरेल त्या रात्री त्याला मुखवटा लावता येणार नाही. बुडणाऱ्याला कागद तारत नाही, कसब तारते.

एकाच पिकाचा धोका

आता या हकिकतीची दुसरी बाजू. बेटाचे शिक्षण खरे होते, शिस्त खरी होती, तरीही एक चूक झाली. आणि ती चूक आपल्या शेतकऱ्याला चांगलीच ओळखीची आहे. एकच पीक आणि एकच व्यापारी.

२००८ साली जगाचा व्यापार आखडला. जहाजांचे भाडे कोसळले. जर्मन मालकांनी जहाजे विकली, कित्येकांची दिवाळी निघाली. किरिबासच्या खलाशांना नेण्या-आणण्याचे विमानभाडे आधीच जड होते, कारण देश जगाच्या टोकाला. दुसऱ्या देशांचे खलाशी सोयीचे पडू लागले. वर्षागणिक किरिबासच्या जागा कमी होत गेल्या. शाळेतून पोरे तयार होऊन बाहेर पडत आणि जहाजाची वाट बघत घरी बसत. कांदा उत्तम पिकला आणि बाजार पडला, म्हणजे आपले जे होते ते त्यांचे झाले.

मग २०२० साली कोरोना आला. किरिबासने देशाचे दरवाजे बंद केले, आणि लहान बेटाच्या मानाने ते शहाणपणाचेही होते, कारण तिथे दवाखाने थोडे. पण बाहेर असलेले आपलेच खलाशी बाहेर अडकले. त्या काळात जगभर चार लाखांच्या आसपास जहाजी माणसे मुदत संपूनही जहाजांवर अडकली होती, असा सागरी संघटनेचा अंदाज होता. किरिबासच्या पोरांना जहाजावरून उतरायला मिळाले तरी घरी जायला वाट नव्हती. शंभराहून अधिक जण जर्मनीत हँबुर्गच्या एका वसतिगृहात राहिले. नारळाच्या सावलीत वाढलेली पोरे खिडकीतून बर्फ बघत बसली. काहींना घर दिसायला वर्षाहून अधिक काळ लागला.

त्या दिवसांत कोणत्या घराने तग धरला असेल हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याचा बाबाईचा खड्डा जिता होता, माड जिते होते, त्याला पैसा बंद झाला तरी जेवण बंद झाले नाही. ज्याने केवळ महिन्याच्या पैशावर आणलेला तांदूळ खाल्ला, त्याची तारांबळ उडाली.

देशानेही यातून बोध घेतला. २००३ ते २०१६ या काळात अनोते तोंग हे तिथले अध्यक्ष होते. समुद्राची पातळी चढते आहे, उद्या आपल्याला ही बेटे सोडावी लागली तर भिकारी होऊन जायचे नाही, हाती हुन्नर घेऊन सन्मानाने जायचे, असे ते सांगत आले. आता तिथली माणसे केवळ जहाजांवर जात नाहीत. कोणी परिचारिका होऊन जातो, आणि पुष्कळ जण हंगामी कामावर न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या मळ्यांत फळे तोडायला जातात. समुद्राच्या लेकरांनी शेवटी शेतातही पाय रोवले. एका पिकाच्या जागी तीन पिके घेतली म्हणा ना.

आता तुमच्या मुलाचे

बंधो, आता तुमच्या पत्राकडे येतो. मुलाला समुद्रावर जायचे असेल तर जाऊ द्या, पण या क्रमाने.

पहिले, डोळे तपासा. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा कोणता आणि हिरवा कोणता, हे ओळखावेच लागते. ज्याला रंगांत गल्लत होते त्याला डेकवर घेत नाहीत. ही तपासणी थोडक्या पैशांत होते. आधी पैसे भरून मग डोळे तपासणारी घरे पस्तावतात.

दुसरे, शाळा सरकारमान्य आहे का ते स्वतः पाहा. जहाजांचा कारभार बघणारे केंद्र सरकारचे नौवहन महासंचालनालय मुंबईला आहे. मान्य संस्थांची यादी त्यांच्याकडे मिळते. आपल्या देशात हे शिक्षण नवे नाही. मुंबईच्या बंदरात 'डफरिन' जहाजावर १९२७ पासून तरुणांना ते मिळू लागले. खलाशाचा अभ्यासक्रम दहावीनंतर घेता येतो. तो सहा महिन्यांचा, तिथेच राहून करायचा असतो. इंग्रजीत बरे गुण लागतात. ज्या संस्थेत पोराला धूर, पाणी आणि दोर यांतून जावेच लागत नाही, ती शाळा नव्हे, दुकान होय.

तिसरे, नोकरी देणाऱ्या संस्थेकडे परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागा आणि महासंचालनालयाकडे तो पडताळून पाहा. नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे कायद्याने मना आहे. शाळेची फी वेगळी, ती पावतीने भरावी. पण 'जहाजावर चढवतो' म्हणून जो रोख मागतो तो तिथेच खोटा ठरला. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ जमिनी वाचतील.

चौथे, मुलाला नोकरी लागली तर महिन्याचा भाग आईच्या नावे जाऊ द्या. त्यातला ठरावीक हिस्सा आधी बाजूला काढा आणि मग भाऊबंदांना मदत करा. मदत जरूर करा, पण विहिरीचा झरा आटेल इतका उपसा करू नका.

आणि पाचवे, जे तुम्ही विचारलेत. विहिरीखालची दीड एकर विकू नका. फीसाठी पैसे कमी पडले तर बँकेचे शैक्षणिक कर्ज पाहा, एक वर्ष थांबा, पण पाणी असलेली जमीन हातची घालवू नका. बेटावरच्या खलाशाचे एक बरे आहे. जग फिरून तो थकून परत आला की त्याचा बाबाईचा खड्डा आणि त्याचे माड त्याची वाट पाहत असतात. तुमचा मुलगाही एक दिवस परत येईल. समुद्र कोणाला म्हातारपणी ठेवून घेत नाही. त्या दिवशी त्याला उतरायला धक्का हवा. तो धक्का म्हणजे तुमची ती दीड एकर.

मुलाला एवढेच सांगा, की बेटिओच्या शाळेतल्या पोरांनी काही विकत घेतले नाही, ते शिकले. छपराखालच्या वाशांवर तारे मोजणाऱ्या त्यांच्या आज्यांनीही काही विकत घेतले नव्हते. तूही शीक. मग आम्ही सगळे तुला पोचवायला बंदरापर्यंत येऊ.

त्याच्या आईला माझा नमस्कार सांगा. आणि तालुक्याचे ते गृहस्थ पुन्हा आले तर त्यांना चहा पाजा, परवान्याचा क्रमांक विचारा, आणि कपबशी खाली ठेवायच्या आत ते उठतात की नाही ते बघा. काय झाले ते कळवा. येथे छापू.